काटा ते डेटाबेस: मधल्या थरासाठी भाषा निवडताना (प्रकल्प नोंदी, २०२५)

काम एका ओळीत: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची दारव्हा-दिग्रस पट्ट्यात तीन खरेदी केंद्रं आहेत. काट्यावरचं वजन थेट डेटाबेसमध्ये जायला हवं आणि पावती तिथल्या तिथं छापून निघायला हवी. आजवर कागदी पावतीपुस्तक होतं, रात्री त्याची एक्सेल आणि एक्सेलचा व्हॉट्सअ‍ॅप. मागच्या हंगामात हिशेब जुळवायला जानेवारी उजाडला. काटा आणि डेटाबेस यांच्या मधला प्रोग्रॅम मी लिहायचा, असं ठरलं. मुदत सोयाबीन यायच्या आत. मी तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी पुण्यात चार वर्षं पीएचपी लिहिलं. मदतीला भाचा, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला.

६ ऑगस्ट

तिन्ही केंद्रांची मशीनं पाहून आलो. एकावर विंडोज १० आहे, दोनवर विंडोज ७, तेही ३२ बिटचं, रॅम २ जीबी. विंडोज काढून टाकू म्हटलं तर हिशेबनीस काकांनी हात जोडले. त्यांचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यावरच चालतात. ठीक.

डेटाबेस पोस्टग्रेस. सर्व्हर म्हणून भाड्याचं १ जीबी रॅमचं छोटं मशीन घेतलं, उबुंटू २४.०४, महिना ६०० रुपये. केंद्रांवर इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. लाइनीचा भरवसा नाही.

भाषेचे उमेदवार चार: पीएचपी, जावा, गो, पायथन. वहीत वेगाचा रकाना सगळ्यात वर लिहिला. तो नंतर खोडला.

९ ऑगस्ट

पीएचपी अर्ध्या दिवसात बाद. येतं म्हणून पहिलं तेच घेतलं. पण पान सर्व्हरवर, काटा केंद्रावर. नेट गेलं की पान उघडत नाही, आणि दारात ट्रॅक्टर उभा. केंद्रावरच पीएचपी बसवायचं तर सीरियल पोर्टशी, म्हणजे काट्याची वायर लागते त्या खाचेशी, झटापट आलीच. मायेची भाषा सोडायला दोन कप चहा लागला.

११ ऑगस्ट

जावावर एक संध्याकाळ घालवली. डेटाबेसशी बोलायची त्यांची जेडीबीसी १९९७ पासून आहे, मुरलेली आहे, दोष काही नाही. पण २ जीबीच्या मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि वर जावा, असं तिघांना बसवलं तर माऊस अडखळायला लागला. आणि मी नसताना दुरुस्त कोण करणार? पुढे गेलो.

१६ ऑगस्ट

गो आवडली. सगळा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये. पेनड्राइव्हवर टाका, केंद्रावर डबल क्लिक करा, बस. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर बसून विंडोजची फाइल तयार होते. विंडोज १० च्या केंद्रावर पहिल्या झटक्यात चालली. भाच्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, झालं काम.

विंडोज ७ वर काळी खिडकी उघडली आणि मिटली. पुन्हा डबल क्लिक, पुन्हा तेच. ३२ बिटसाठी वेगळी बांधली, तरी तेच. अँटिव्हायरस बंद केला, पेनड्राइव्ह बदलला, दीड दिवस गेला. शेवटी गोच्या आवृत्त्यांच्या टिपणात सापडलं: १.२१ पासून विंडोज १० च्या खाली गो चालतच नाही. विंडोज ७ ला चालणारी शेवटची १.२०. ही ओळ वाचायला पाच मिनिटं लागतात, पण ती मी सगळ्यात शेवटी वाचली.

१.२० ने बांधली, चालली. मग नेट नसताना पावत्या साठवायला एसक्यूलाइट, एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस, जोडायला गेलो. नेहमीच्या ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला, सी भाषेचा कंपायलर लागतो, म्हणजे लॅपटॉपवर विंडोजची फाइल बांधायची सोय गेली. सी न लागणारा दुसरा ड्रायव्हर आहे, पण त्याच्या नव्या आवृत्तीला नवी गो हवी. जुनी आवृत्ती हुडकून बसवली. एका फाइलीच्या सुखाला इथंच घरघर लागली होती, मी कबूल करत नव्हतो.

२५ ऑगस्ट

पोळ्याच्या आठवड्यात काम शून्य. बैल सजवण्यात हात रंगले होते, कीबोर्डला कोण लावतो.

चाचणी. भाच्याने २०० खोट्या पावत्या पाठवल्या, सुरळीत गेल्या. मग त्याच २०० पुन्हा पाठवल्या, दुबार पावती नाकारली जाते का ते बघायला. ९७ पर्यंत नीट नाकारल्या. ९८ व्या पावतीला पोस्टग्रेसने नवं कनेक्शन द्यायला नकार दिला. आणि तिथून पुढे प्रत्येक पावतीला तेच.

९७ हा आकडा पाहून मी उगाच नेटवर्क तपासत बसलो. खरं तर आकड्यातच उत्तर होतं. पोस्टग्रेसमध्ये मुळात १०० कनेक्शनची मर्यादा असते, त्यातली ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य चालकासाठी, राखीव. उरली ९७. म्हणजे प्रत्येक नाकारलेली पावती एक कनेक्शन गिळत होती. ती राखीव तीन होती म्हणूनच मला आत शिरून बघता आलं.

चूक माझीच. पावती आधीच आहे का, हे विचारून आलेलं उत्तर वाचायचं आणि तो निकाल बंद करायचा असतो. पावती सापडली की मी फंक्शनमधून तिथूनच परत फिरत होतो, निकाल उघडा टाकून. गोमध्ये निकाल उघडा राहिला की त्याखालचं कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, परत जात नाही. आणि किती कनेक्शन उघडायची यावर गोचा पूल आपण सांगितल्याशिवाय लगाम घालत नाही. मी लगाम घातला असता, समजा ५ चा, तर प्रोग्रॅम सहाव्या पावतीला नुसता थिजला असता, काही संदेशही आला नसता. त्यामानाने हे बरं झालं.

दुरुस्ती दोन ओळींची. शोधायला दोन रात्री.

३० ऑगस्ट

लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पहिल्या पाच पावत्या झटपट गेल्या. मग जेवणाची सुट्टी झाली. तासाभराने सहावी पावती पाठवली तर प्रोग्रॅम गप्प. ना चूक, ना उत्तर.

काट्यावरचे काका बाजूला उभे. म्हणाले, "भाऊ, हे कायले गोल-गोल फिरून राह्यलं?"

झालं असं की मधल्या मोबाइल नेटवर्कने रिकामं पडलेलं कनेक्शन कधीच टाकून दिलं होतं, पण दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नाही. आमचा प्रोग्रॅम मेलेल्या दोरीला धरून उत्तराची वाट बघत होता. सर्व्हरच्या बाजूला लिनक्स अशी दोरी तपासायला मुळात ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबतं. दोन तासांत काकांनी तीन ट्रॅक्टर मोजले असते.

वेळमर्यादा घालता येते, पूलमधल्या कनेक्शनचं वय ठरवता येतं, घातलंही. पण घरी येताना बसमध्ये बसून विचार केला की महिनाभर मी चुकीचा प्रश्न सोडवतोय. पोस्टग्रेसचं कनेक्शन हॉटस्पॉटवरून ओढायचंच कशाला?

१ सप्टेंबर

नवी मांडणी, वहीच्या एका पानावर मावली. केंद्रावरचा प्रोग्रॅम वजन वाचतो, केंद्रावरच्याच एसक्यूलाइट फाइलमध्ये लिहितो, पावती छापतो. त्याला पोस्टग्रेस ठाऊकच नाही. नेट असेल तेव्हा तो साचलेल्या पावत्या वेबवरून सर्व्हरला पाठवतो. पोस्टग्रेसशी बोलणारा थर सर्व्हरवर, डेटाबेसच्या शेजारीच. पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट बाहेरच्या जगाला बंद.

असं केल्यावर भाषेचा प्रश्न पुन्हा मांडला आणि उत्तर बदललं. केंद्रावर आता लागतं काय? एसक्यूलाइट, वेबवर पाठवणं आणि सीरियल पोर्ट. पहिल्या दोन गोष्टी पायथनच्या पोटातच येतात, तिसरीला एक छोटी लायब्ररी. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर केंद्रावर बसवायची कटकट संपली. विंडोज ७ ला चालणारी शेवटची पायथन ३.८, सर्व्हिस पॅक १ असलं की बसते. तिचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला आहे हे माहीत आहे. पण ज्या विंडोजचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला तिच्यावर बसून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

आणि भाच्याला पायथन येते. कॉलेजात तीच शिकवली. गोमधला माझा कोड दाखवला तेव्हा तो "हो मामा, हो मामा" म्हणत होता, पायथनचा दाखवला तर दहा मिनिटांत माझी चूक काढली. वेगाचा रकाना आज खोडला. दिवसाला दीडशे पावत्या, त्यात कसला वेग.

गोचा कोड फोल्डरमध्ये ठेवलाय.

४ सप्टेंबर

केंद्रावरून सर्व्हरला जोडायला गेलो तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ओळखीचं नाही म्हणून नकार, तोही फक्त विंडोज ७ वर. जुन्या विंडोजच्या यादीत नवी मूळ प्रमाणपत्रं नाहीत. ब्राउझरने तीच साइट उघडते, म्हणून गोंधळ वाढला. लागणारं मूळ प्रमाणपत्र प्रोग्रॅमसोबतच दिलं आणि प्रकरण संपवलं. पडताळणीच बंद करा असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो घेऊ नका, शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक जातात त्या वाटेने.

७ सप्टेंबर

एकाच पावतीची बेरीज केंद्रावर वेगळी, सर्व्हरवर वेगळी. फरक दशांशाच्या कुठल्या कुठे, पण दोन्ही बेरजा सारख्या आहेत का हे तपासणारी ओळ अडली. कोड दोन्हीकडे तोच. भाचा म्हणाला, भूत आहे.

भूत असं: ०.१ दहा वेळा मिळवा. केंद्रावरची ३.८ म्हणते ०.९९९९९९९९९९९९९९९९, सर्व्हरवरची ३.१२ म्हणते १. पायथनने ३.१२ पासून अपूर्णांकांच्या बेरजेची रीत सुधारली. सुधारणा चांगलीच आहे, पण अर्धं घर जुनं आणि अर्धं नवं असलं की अशी भांडणं होतात.

इलाज पायथनचा नव्हेच. वजन ग्रॅममध्ये आणि पैसा पैशात, दोन्ही पूर्णांक. ६०.३५ किलोचा कट्टा (पोतं) म्हणजे ६०३५०. क्विंटल आणि रुपये फक्त पावतीवर छापताना. हमीभाव ५३२८ म्हणजे आत ५३२८००. पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं, सगळी टेबलं पुन्हा बांधावी लागली. एक दिवस.

११ सप्टेंबर

सभासदांची यादी चढवली. १२०० च्या आसपास नावं. कुऱ्हाडे आडनावाचे काही सभासद दोनदा आले. एकच आधार, एकच गट नंबर, नाव डोळ्यांना हुबेहूब सारखं, तरी डेटाबेस म्हणतो वेगळे.

तासभर स्क्रीनला नाक लावून बसलो. मग दोन्ही नावांची अक्षरं सुटी करून छापली. एकात ऱ हे खास अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडखूण, मग ह. कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे. एक नाव मोबाइलच्या कीबोर्डवरून आलं, दुसरं हिशेबनीसांच्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधून. युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या मानकाचं, जे प्रमाणीकरण असतं ते लावून पाहिलं, फरक पडला नाही, कारण त्याच्या लेखी हे दोन सारखे नाहीतच. शेवटी स्वतःच अदलाबदल लिहिली: साधा र, हलन्त, अदृश्य खूण दिसली की ऱ आणि हलन्त घाला. नाव आत शिरतानाही आणि शोधतानाही. गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाळे सगळे एका ओळीत आले. वऱ्हाडात बसून हे आधी सुचू नये, याची लाज वाटली.

सोबत एक सुखद गोष्ट. केंद्रावरच्या ताई मराठी कीबोर्डवरून कट्ट्यांची संख्या १२ अशी देवनागरीत टाकतात. पायथन ती निमूट बारा समजते. गोने तीच नाकारली होती, तेव्हा मी ताईंनाच इंग्रजी आकडे टाकायला सांगितलं होतं. आज जाऊन माफी मागितली.

१८ सप्टेंबर

लाइन जाण्याची तालीम. पावती लिहिली जात असताना प्लग ओढायचा, वीस वेळा. दोन गोष्टी फुटल्या.

पहिली: छापलेली पावती फाइलमध्ये नाही, असं दोनदा झालं. एसक्यूलाइटची वेगवान रीत लावली होती आणि डिस्कवर उतरल्याची खात्री करण्याची पातळी मधली ठेवली होती. त्या जोडीत फाइल बिघडत नाही, पण लाइन गेली तर शेवटची नोंद हरवू शकते. पातळी पूर्ण केली आणि छपाई नोंद झाल्यानंतर ठेवली. पावतीमागे क्षणभर जास्त लागतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी: सर्व्हरने पावती लिहिली, पण पोचल्याचं उत्तर यायच्या आत नेट गेलं. केंद्राने ती पुन्हा पाठवली. दुबार. म्हणून पावतीचा क्रमांक केंद्रावरच जन्मतो: केंद्राचं अक्षर आणि अनुक्रमांक. सर्व्हरवर तो आधीच असेल तर पोस्टग्रेस काहीही न करता पुढे जातो. कितीदाही पाठवा, नोंद एकच. आधी बघा आणि मग लिहा अशी दोन पावलं गेली, त्याबरोबर २५ ऑगस्टची चूक करायची जागाही गेली.

तिसरी गोष्ट तालमीत नव्हतीच. अकराव्या वेळी मशीन चालू झालं आणि पावतीवर तारीख आली १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली. आमच्या दुकानात ती ४० रुपयांना विकतो मी. बदलली. शिवाय आधीच्या पावतीपेक्षा जुनी तारीख आली तर छापायचंच नाही, अशी अट घातली.

२७ सप्टेंबर

काटा जोडला. ९६०० चा वेग, वायर ठीक, स्क्रीनवर वजन दिसू लागलं. यूएसबी वायर दुसऱ्या खाचेत घातली की पोर्टचा क्रमांक बदलतो, म्हणून खाचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कोडपेक्षा टिकाऊ.

मग ताई म्हणाल्या, "भाऊ, थो कट्टा तं काट्यावरून उतरला. वजन काऊन त्याचंच दाखवून राह्यलं?"

मी म्हटलं, असं कसं होईल. झालंच होतं. काट्याचं यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा वजन ओकत असतं. आम्ही बटण दाबल्यावर एकच ओळ वाचत होतो, आणि ती ओळ रांगेतली सगळ्यात जुनी. म्हणजे मागच्या कट्ट्याची. चाचणीत प्रत्येक कट्टा आम्ही साधारण साठ किलोचाच ठेवला होता, म्हणून दिसलं नाही. ताई लक्ष देऊन बघत नसत्या तर हंगामभर प्रत्येक शेतकऱ्याला आदल्या कट्ट्याचे पैसे मिळाले असते.

आता बटण दाबल्यावर आधी रांग रिकामी करतो, पहिली अर्धवट ओळ फेकतो आणि लागोपाठ तीन ओळी सारख्या आल्या तरच वजन घेतो. काटा हलत असेल तर थांबतो. यापुढे चाचणीला ताईंशिवाय जायचं नाही, हे ठरलं.

९ ऑक्टोबर

खरी खरेदी सुरू. १४३ पावत्या. दुपारी दोन ते सात नेट नव्हतं, कोणाला कळलंही नाही, सातनंतर पावत्या आपोआप गेल्या.

१३ ऑक्टोबर

काल सकाळी अहंकार नडला. ओलाव्याचा एक रकाना वाढवायला टेबल बदललं आणि सगळं ठप्प. पावत्या आत जाईनात, अहवाल उघडेना. केंद्रं चालू होती, कारण त्यांना सर्व्हरशी देणंघेणं नाही. तेवढंच वाचलो.

कारण असं निघालं: पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर पहिली चौकशी करतानाच गुपचूप ट्रान्झॅक्शन, म्हणजे मिटवेपर्यंत चालू राहणारा व्यवहार, उघडतो, मग ती नुसती वाचायची चौकशी का असेना. कार्यालयातल्या अहवालाच्या पानासाठी मी वाचून ते मिटवलंच नव्हतं. रात्रभर ते उघडं. टेबल बदलणारी आज्ञा त्याच्यामागे रांगेत उभी राहिली आणि बाकी सगळे तिच्यामागे. गोमध्ये निकाल उघडा ठेवला होता, इथं ट्रान्झॅक्शन. भाषा बदलली, माझी सवय तीच.

वाचणाऱ्या कनेक्शनला आपोआप मिटायला लावलं, आणि रिकामं उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन पोस्टग्रेसने एका मिनिटात तोडावं अशी मर्यादा घातली. ४० मिनिटं बंद, तीन फोन, एक शिवी.

१९ ऑक्टोबर

खर्च: सर्व्हरचे तीन महिने १८००, सीरियलच्या तीन वायरी ११५०, बॅटऱ्या ८०, बसभाडं आणि चहा मोजलेला नाही. वाया गेलेले दिवस मोजले तर १४. त्यातले गोवर ८, त्यातही निम्मे माझ्या न वाचण्याचे.

काल मी नागपूरला होतो. दिग्रसकडच्या केंद्रावर पावतीची रुंदी प्रिंटरच्या नव्या कागदाला बसत नव्हती. भाच्याने तिथंच नोटपॅडमध्ये फाइल उघडून दोन आकडे बदलले आणि मला संध्याकाळी सांगितलं. मूळ प्रत ठेवली होतीस का, विचारलं. नव्हती. आज ती परत बनवली, आणि बदल नोंदवायची वही त्याच मशीनला सुतळीने बांधून आलो.

दिवाळीनंतर: तिसऱ्या केंद्राची बॅटरी, तुरीसाठी चाळणीचा रकाना, आणि हिशेबनीस काकांना एक्सेल थांबवायला सांगणं. ते अजून रोज रात्री पाठवतात.